नोड.जेएसच्या एक्स्प्रेस फ्रेमवर्कमध्ये आतल्या राउटरला बाहेरचा आयडी मिळत नाही
प्रश्न असा आहे: तारकर्ली-देवबागच्या होमस्टेंच्या ॲपमध्ये होमस्टेच्या राउटरच्या (कुठली यूआरएल कुठल्या कोडकडे जाईल हे ठरवणारा भाग) आत खोल्यांचा राउटर आहे, पण त्याला होमस्टेचा आयडी 'अनडिफाइन्ड', म्हणजे रिकामा येतो. एक्स्प्रेस बाहेरच्या राउटरचे पॅरामीटर (यूआरएलमधून आलेली आयडीसारखी मूल्यं) आत आपोआप देत नाही. आतला राउटर बनवताना 'मर्जपॅराम्स' (mergeParams) हा पर्याय ट्रू करा, मिळेल. दोन्हीकडे नुसतं 'आयडी' हे नाव मात्र नको. नाव सारखं असलं की आतलंच धरलं जातं.

खरी काळजी पुढची आहे. खोली फक्त तिच्या आयडीवर शोधलीत, तर देवबागच्या होमस्टेच्या यूआरएलखाली तारकर्लीची खोली बिनदिक्कत उघडेल. डेटाबेसच्या क्वेरीत दोन्ही आयडी घालाच, जुळले नाहीत तर सरळ ४०४ ('सापडलं नाही') द्या. लोकांच्या पैशांचा मामला आहे, हे कृपया टाळू नका. बुकिंगचा राउट (यूआरएलचा मार्ग) मात्र खोलीच्या आत कोंबू नका. बुकिंगला स्वतःचा आयडी असतो, तेवढा पुरतो.