शब्दचर्चा : मुजारअत, मुसाकात, मुशारकत

निफाडहून : इस्लामी कायद्यातल्या शेतीच्या भागीदारीवरचं एक उर्दू टिपण मराठीत करतोय. त्यात मुजारअत, मुसाकात, मुशारकत असे तीन शब्द आहेत. तिन्हींना ‘बटाई’ (वाट्याने शेती) चालेल का?

मालेगावहून : नाही चालणार, भाऊ. तीन वेगळे करार आहेत. मुजारअत म्हणजे जमीन एकाची, कसणारा दुसरा आणि पीक ठरल्या हिश्शाने. निम्मं घ्या, तिसरा हिस्सा घ्या, पण हिस्साच हवा. ‘एकरी दहा क्विंटल माझे, उरेल ते तुझं’ हे बसत नाही. ‘विहिरीजवळच्या वाफ्यांतला कांदा मालकाचा’ हेही नाही. बाकीचं रान करपलं तर कसणाऱ्याच्या हाती काय? मदिनेत पाटाकडेच्या पिकावर असे सौदे व्हायचे, ते पैगंबरांनी बंद केले. म्हणून ‘खंडाने’ लिहू नका, ‘वाट्याने’ लिहा. रोख खंड म्हणजे इजारा, ते प्रकरण निराळं.

दिंडोरीहून : मुजारअत आणि आपलं ‘जिरायत’ एकाच अरबी धातूचे, पेरणीच्या. (म्हणून ती कोरडवाहूचीच असं नाही, पाण्याखालच्या रानालाही लागू.) मुसाकातचा धातू पाणी पाजण्याचा, गझलेतला साकी त्यातलाच. द्राक्षबाग उभी आहे. दुसऱ्याने पाणी, छाटणी, फवारणी बघायची आणि मालात वाटा घ्यायचा, ती मुसाकात. मी तर ‘बाग वाट्याने’ असंच लिहीन.

मालेगावहून : दोन्हींचा आधार खैबर, मदिनेच्या उत्तरेची वस्ती. इ.स. 628 मध्ये पैगंबरांनी तिथली शेतं आणि खजुराच्या बागा तिथल्या ज्यूंकडेच निम्म्या उत्पन्नावर ठेवल्या. तरी इमाम अबू हनीफांना (ज्यांच्या नावावरून इस्लामी कायद्याची हनफी परंपरा) मुजारअत मान्य नव्हती! शिष्य अबू युसूफ आणि मुहम्मद शैबानी यांनी ती मानली, आणि हनफी व्यवहार शिष्यांच्याच मतावर चालतो.

निफाडहून : आणि मुशारकतला ‘सहकार’?

मालेगावहून : अजिबात नको. मुशारकतमध्ये सगळे भांडवल घालतात. नफा ठरेल तसा, तोटा मात्र ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणातच. आपल्या सहकारी कायद्यात शेअर कितीही घ्या, मत एकच, आणि लाभांशाला 15 टक्क्यांची मर्यादा. त्यात गावात ‘सोसायटी’ म्हटलं की पीककर्ज आलं, कर्ज म्हटलं की व्याज, आणि व्याजाशी तर या सगळ्याचं वाकडंच. ‘भागीदारी’ लिहून मोकळे व्हा.

दिंडोरीहून : ‘भागीदारी’ फार वकिली वाटतं. जुनी माणसं ‘पाती’ म्हणतात, पातीदारही म्हणतात. शेतकऱ्यांसाठी लिहीत असाल तर ‘पाती’ घ्या, वकिलांसाठी असेल तर ‘भागीदारी’च राहू द्या.