काळ्या मातीवरचं डांबरी पार्किंग खचतंय. दोष वरचा की खालचा, कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी,

लातूरला आमच्या व्यापारी संकुलाच्या देखभालीचं काम माझ्याकडे आहे. पार्किंगवर नवीन कार्पेट, म्हणजे डांबर-खडीचा नवा थर, मारायचं का, हे गाळेधारकांच्या येत्या बैठकीत ठरणार आहे. ठेकेदार म्हणतो जुन्यावरच थर टाकू, लगेच मोकळं होईल. मला ते पटत नाही. पण सगळ्यांचा पैसा लागणार आहे, तेव्हा बैठकीत ठोस कारण सांगता आलं पाहिजे.

ही जागा पूर्वी ज्वारी-हरभऱ्याचं रान होतं. बांधकामाच्या वेळी काळी माती किती काढली याची नोंद कागदपत्रांत नाही. त्यावर मुरूम, खडी आणि डांबरीकरण झालं.

मागच्या बाजूला सिमेंट-सळईचं दुकान आहे. तिथे ट्रक उभे राहतात त्या पट्ट्यात जाळीदार भेगा पडल्यात, मगरीच्या पाठीवर असतात तशा. पाऊस झाला की त्यांतून काळपट गाळ वर येतो. ट्रक पुढे सरकला की चाकाखालचा भाग दबून परत वर येताना डोळ्यांना दिसतो. कंपाउंडच्या भिंतीला समांतर एक लांब भेग आहे. मे महिन्यात तीत बोट जातं, श्रावणात ती जवळजवळ मिटते. शेजारी मोठी कडुनिंबाची झाडं आहेत. ड्रेनेजच्या एका चेंबरभोवतीचा भाग खोलगट झालाय. दुचाकींच्या बाजूला मात्र जमीन सपाट आहे, फक्त बारीक खडी सुटते आणि डांबर पांढुरकं पडलंय.

यातलं वरवरचं काय आणि खालचं काय? उकरून बघायचं तर कुठे आणि किती खोल? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद: खडी_मुरूम

रस्त्यांच्या कामावर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या वर्णनातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो गाळ. डांबरात आणि खडीत काळी माती नसते. ती वर येते याचा अर्थ खाली पाणी मुरलंय आणि चाकाच्या दाबाने खालची माती खडीच्या फटींतून वर ढकलली जातेय. माती शिरलेल्या खडीत ताकद राहत नाही. मग डांबराचा थर प्रत्येक चाकाखाली वाकतो, त्याच्या तळाशी चीर पडते आणि ती वर येते. जाळी दिसते तोवर थर आरपार फुटलेला असतो. त्यावर नवा थर टाकला तर जुन्या भेगा त्यातूनही उमटणार.

ट्रकच्याच पट्ट्यात हे का? आसावरचं वजन दुप्पट झालं की नुकसान साधारण सोळा पट होतं. अमेरिकेत इलिनॉयमध्ये 1958 ते 1960 या काळात मुद्दाम रस्ते बांधून, त्यांवर ट्रक चालवून चाचण्या घेतल्या, त्यांतून हा हिशेब पुढे आला. दुचाकी आणि मोटारींनी डांबर असं फुटत नाही.

भिंतीलगतची भेग मातीच्या आकसण्याची आहे. कडेची माती उन्हाळ्यात वाळते, झाडांची मुळं आणखी पाणी ओढतात, आत डांबराखालची माती मात्र ओलसरच राहते. त्यामुळे कडा खाली बसते. त्यासाठी झाडं तोडू नका. चेंबरचा भाग वेगळा: एकतर पाइपच्या चराचा भराव नीट दाबला नाही, किंवा सांधा फुटून माती आत वाहून जातेय. झाकण काढून बघा. आत मातीचे ओघळ किंवा तळाशी मुरूम दिसला तर सांधा फुटलाय, आणि तिथे पोकळी असू शकते. तोवर त्या जागी गाडी लावू देऊ नका.

दुचाकींची बाजू वरवरची आहे, सील कोटने, म्हणजे वरून डांबराचा पातळ लेप देऊन, भागेल.

प्रतिसाद: माळरान

गच्चीचं पावसाचं पाणी कुठे सोडलंय तेही बघा. आमच्या अकोल्यातल्या मंगल कार्यालयात सगळे पाइप फाटकाजवळ उघडत होते आणि तिथलंच डांबर दर वर्षी उखडायचं.

धागाकर्ता

ताई, तुम्ही म्हटल्यावर लगेच जाऊन बघितलं. दोन पाइप ट्रकच्या पट्ट्याच्या कडेलाच उघडतात, पुढे गटार नाही. हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खडी_मुरूम साहेब, खड्डे कुठे घेऊ?

प्रतिसाद: खडी_मुरूम

दोन घ्या, एक जाळीत आणि एक दुचाकींच्या चांगल्या भागात. दुसरा घेतला नाही तर तुलना कशाशी करणार? मीटरभर लांब-रुंद, आणि खडी-मुरूम संपल्यावर मातीत अर्धा मीटर तरी खाली. प्रत्येक थराची जाडी टेपने मोजा, टेप दिसेल असे फोटो काढा. खडी हातात घेऊन बघा, मातीने माखलेली आहे की स्वच्छ.

माती सरकारी तंत्रनिकेतनाच्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत द्या. दोन चाचण्या मागा. पहिली फ्री स्वेल: चाळलेली 10 ग्रॅम कोरडी माती एका नळीत पाण्यात, दुसरीत रॉकेलमध्ये टाकून एक दिवस ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे 10 मिली भरली आणि पाण्यात 15 मिली, तर फुगवटा 50 टक्के. महामार्गाच्या भरावात याहून जास्त फुगणारी माती चालत नाही. दुसरी सीबीआर, म्हणजे माती किती भार पेलते याची चाचणी, चार दिवस भिजवून घेतलेली. भिजलेल्या काळ्या मातीचा आकडा बहुधा दोन-तीन टक्केच येतो.

बैठकीत कार्पेटचा विषय मागे ठेवा. आधी गच्चीचं पाणी गटारात, मग चेंबर, मग ट्रकचा पट्टा तळापासून: काळी माती काढून चांगला मुरूम थराथराने रोलरने दाबायचा, किंवा माती खूप खोल असेल तर वरच्या थरात चुना मिसळून ती सुधारायची. कुणीतरी पेव्हर ब्लॉक सुचवेलच. खालचा भाग तसाच ठेवला तर तेही खचतील.

धागाकर्ता

मनापासून आभार दोघांचे. चेंबरभोवती आत्ताच दोरी बांधून घेतली. खड्ड्यांसाठी दुकानदाराशी बोललोय, ट्रक समोर लावायला तयार आहे. चुना टाकायचा झाला तर मातीच्या वजनाच्या किती टक्के धरायचा, म्हणजे बैठकीत खर्चाचा अंदाज देता येईल?

प्रतिसाद: खडी_मुरूम

अंदाजासाठी तीन ते पाच टक्के धरा. नेमकं प्रमाण प्रयोगशाळा तुमच्याच मातीवर ठरवून देईल. फोटो आले की इथे टाका.