मदत हवी आहे: ग्राफीनमधल्या चार्ज्ड इम्प्युरिटीभोवतीचा पीक डिसऑर्डरमध्ये गायब होतोय

मंडळी, जरा अडकलोय. ग्राफीनसाठी (कार्बनचा एक अणू जाडीचा थर) टाइट बाइंडिंगचा कोड लिहिलाय, म्हणजे इलेक्ट्रॉन एका अणूवरून शेजारच्या अणूवर उडी मारतो असं मॉडेल, त्या उडीची एनर्जी (हॉपिंग) 2.7 eV, मधोमध एक पॉझिटिव्ह चार्ज, आणि त्याच्या शेजारच्या साइटवर (अणूच्या जागेवर) लोकल डेन्सिटी ऑफ स्टेट्स काढतो, म्हणजे त्या जागी कुठल्या एनर्जीला इलेक्ट्रॉनच्या किती स्टेट्स आहेत ते. शुद्ध ग्राफीनमध्ये सगळं छान येतं, म्हणजे कपलिंग (चार्जच्या ओढीची ताकद) 0.5 च्या खाली असताना नुसती डावी-उजवी असिमेट्री, आणि 0.5 ओलांडलं की डिरॅक पॉइंटच्या (दोन्ही बँड जिथे भेटतात ती एनर्जी) जरा खाली तो अटॉमिक कोलॅप्सचा (ओढ इतकी की इलेक्ट्रॉन जणू चार्जमध्ये कोसळतो) पीक डोकं वर काढतो. 2013 मध्ये कॅल्शियमचे डायमर (दोन-दोन अणूंच्या जोड्या) एसटीएमच्या (स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप) टोकाने ढकलत जवळ आणून दाखवला होता ना, तोच.

आता गंमत अशी की प्रत्येक साइटवर रँडम एनर्जी टाकली (हाच डिसऑर्डर) आणि 50 सँपलची सरासरी घेतली की पीक पसरून पार सपाट होतो. पण एकेक सँपल उघडून बघितलं तर पीक आहे की! फक्त कुठे थोडा डावीकडे, कुठे उजवीकडे, एकात तर चक्क दोन तुकडे झालेत.

मग पीकमागची स्टेट खरंच मरतेय की सरासरीच फसवतेय? जॉमेट्रिक मीन घ्यावा का, की आधी पीक एका रेषेत आणून मग सरासरी? आणि साइटवरचा डिसऑर्डर दोन्ही व्हॅली (ग्राफीनमध्ये इलेक्ट्रॉनच्या स्टेट्सचे दोन वेगळे गट) मिसळतो, म्हणून तुकडे होत असतील का? गुळगुळीत, लांब पल्ल्याचा डिसऑर्डर कुणी करून बघितला असेल तर प्लीज सांगा, माझं सँपल छोटं पडतंय अशीही शंका आहेच.