मारवेल आणि त्याच्यासारखेच दिसणारे गवत : नेमका फरक कशावरून ओळखावा?

बांधावरून :
आमच्या गायरानात मारवेल पेरून कुरण राखण्याचे ठरले आहे आणि बी जोतिबाच्या पायथ्याच्या माळावरून व शेतांच्या बांधांवरून गोळा करावे, असा विचार आहे. मात्र तेथे दोन अगदी सारखी गवते शेजारी शेजारी वाढतात. दोन्हींच्या पेरांवर पांढऱ्या केसांचे कडे आहे, जांभळट कणसे दोन्हींत बोटांसारखी फुटलेली आहेत आणि कुसळेही सारखीच आहेत. यांतील मारवेल कोणते, हे कसे ठरवावे?

माळरान :
पेरांवरच्या केसांवर विसंबू नये. तुमचे दुसरे गवत बहुधा बोथ्रिओक्लोआ पर्टुसा असावे आणि त्याच्या पेरांवरही असेच केस असतात. खरी ओळख कणसात आहे. या दोन्ही गवतांत कणिशिका (कणसावरचे तुसात गुंडाळलेले बारीक फुलोरे) जोडीने येतात, एक बिनदेठाची आणि दुसरी देठाची. एक कणीस मोडून तो बारीक देठ दहापट भिंगाखाली उजेडासमोर धरा. बोथ्रिओक्लोआत देठाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक पातळ, पारदर्शक रेघ दिसते आणि दोन्ही कडा जाड असतात. कणसाच्या अक्षाच्या कांड्यांवरही तीच रेघ असते. मारवेल, म्हणजे डायकँथियम अ‍ॅन्युलेटम, यात देठ भरीव असतो, रेघ नसते. त्यानंतर कणसाचे बूड पाहावे. मारवेलमध्ये अगदी खालच्या एक किंवा अधिक जोड्यांतील दोन्ही कणिशिकांना कुसळ नसते, तर बोथ्रिओक्लोआत खालपासूनच प्रत्येक जोडीतील बिनदेठाच्या कणिशिकेला कुसळ असते. पर्टुसाच्या कणिशिकेच्या खालच्या तुसावर (बाहेरच्या टरफलावर) सुईने टोचल्यासारखा खळगा असतो. तो दिसला तर उत्तमच, पण निर्णय रेघेवरच करावा, असे माझे ठाम मत आहे.

कुरणप्रेमी :
वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र रेघ नाही म्हणजे मारवेलच, असे लगेच मानू नये, कारण डायकँथियमच्या इतर जातीही आपल्याकडे आहेत. कॅरिकोसममध्ये कणसे थोडी, बहुधा एक ते चार असतात आणि कणिशिका एकमेकींवर दाटीने चढलेल्या असून त्यांचे खालचे तुस टोकाकडे रुंद असते; मारवेलचे तुस लांबट असते. अ‍ॅरिस्टेटममध्ये कणसांच्या लगेच खालचा दांडा केसाळ असतो, मारवेलमध्ये तो गुळगुळीत असतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पर्टुसा सततची चराई चांगली सोसते, त्यामुळे जनावरे रोज फिरतात त्या माळावर तीच अधिक सापडेल. मारवेल शोधायचे तर काळ्या, भारी जमिनीच्या बांधांवर आधी पाहावे.

बांधावरून :
दोघांचेही मनापासून आभार. आता एकेका ठोंबाचे कणीस भिंगाखाली तपासून, खात्री झालेल्या ठोंबालाच रंगीत दोरा बांधतो आणि बी पिकल्यावर तेवढ्याच ठोंबांचे काढतो. शंका उरलेल्या ठोंबांचे नमुने मुळासकट वर्तमानपत्रात दाबून शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवण्याचा विचार आहे.

माळरान :
अवश्य दाखवा. नमुन्यासोबत तारीख, ठिकाण आणि जमिनीचा प्रकार लिहा, आणि कणसे पूर्ण फुललेली पण झडू न लागलेली असतानाच नमुना काढा. झडलेल्या कणसात तळाच्या जोड्या तपासता येत नाहीत.