ममी करताना मेंदू बाहेर आणि हृदय आत, असं का? (आणि ७० दिवसांचा हिशेब)

वाळूघड्याळ

प्राचीन इजिप्तवर शाळेच्या प्रदर्शनासाठी तक्ता करायचा आहे. मराठीत जे वाचायला मिळतं त्यात बराच गोंधळ आहे, म्हणून इथे विचारतो.

१. ७० दिवस प्रेत मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवत, हे खरं का?
२. मेंदू फेकून देत आणि हृदय आत ठेवत, ते का?
३. काढलेले अवयव ठेवायच्या चार बरण्यांपैकी कुठल्या बरणीत काय?
४. हृदय पिसापेक्षा हलकं भरलं तर स्वर्ग, असं लिहिलं तर चालेल का?
५. हा सगळा खटाटोप पुनर्जन्मासाठी होता ना?

खारवण

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

मीठ नव्हे, नॅट्रॉन. कैरोच्या वायव्येला वादी नत्रून नावाचा सखल भाग आहे. तिथली तळी उन्हाळ्यात आटली की काठावर पांढरा खार जमतो. त्यात धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, साधं मीठ आणि थोडं सोडियम सल्फेट असतं. पापडखार आणि मीठ एकत्र केल्यासारखं समजा. मीठ नुसतं पाणी ओढतं. सोडा त्याशिवाय चरबीचं साबणीकरण करतो आणि अल्कधर्मी असल्यामुळे जिवाणूंना वाढू देत नाही. नुसत्या मिठाऐवजी हा खार वापरण्याचं कारण हेच.

आता बुडवण्याबद्दल. हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने या क्रियेसाठी वापरलेलं क्रियापद मासे खारवण्यासाठीही वापरलं जाई. त्यावरून जुन्या अभ्यासकांनी खाऱ्या पाण्याची टाकी कल्पिली. पण कोकणात मासा खारवतात तेव्हा कोरडं मीठच भरतात, आणि इथेही तसंच होतं. रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड लुकस यांनी केलेल्या प्रयोगांतून कोरडा नॅट्रॉनच ग्राह्य ठरला. १९९४ साली बॉब ब्रायर आणि रोनाल्ड वेड या संशोधकांनी मेरीलँड विद्यापीठात देहदानातून मिळालेल्या एका मृतदेहावर पूर्ण प्रक्रिया केली. त्यांना अडीचशे किलोहून जास्त नॅट्रॉन लागला. खोली कोरडी आणि सुमारे ४० अंशांवर ठेवली होती. ३५ दिवसांनी देहाचं वजन निम्म्याहून कमी झालं होतं.

क्रम साधारण असा:

आधी देह धुवायचा. मग नाकातून गज घालून कवटीच्या तळाचं पातळ, चाळणीसारखं हाड फोडायचं आणि मेंदू काढायचा. आकड्याने मेंदूचे तुकडे ओढून काढत, असं पुस्तकांत असतं. ब्रायर-वेड यांना ते जमलं नाही. मेंदू आकड्याला धरत नाही. आतच घुसळून तो पातळ करावा लागला आणि देह पालथा करून नाकावाटे ओतून काढावा लागला. मग डाव्या कुशीत काळ्या दगडाच्या (ऑब्सिडियनच्या) पात्याने छेद. हेरोडोटस या दगडाला 'इथिओपियाचा दगड' म्हणतो. छेद जेमतेम हात आत जाईल एवढाच. आतडी, जठर, यकृत बाहेर, आणि मग छाती आणि पोट यांमधला पडदा फाडून फुप्फुसं. पोट खजुराच्या दारूने धुवायचं. आत नॅट्रॉनच्या पुरचुंड्या, बाहेर नॅट्रॉनचा ढीग. सुमारे ४० दिवस. उरलेल्या दिवसांत पुरचुंड्या काढणं, तेल-राळ चोळणं आणि मंत्र म्हणत कापडाच्या पट्ट्या गुंडाळणं.

म्हणजे ७० हा एकूण काळ आहे. हेरोडोटसने तो फक्त नॅट्रॉनचा धरला आणि तीच चूक पुढे चालत आली. हा आकडा व्याधाच्या ताऱ्याशी जोडला जातो: इजिप्तच्या आकाशातून व्याध साधारण ७० दिवस दिसेनासा होतो आणि मग पहाटे पुन्हा उगवतो.

कापडाचा अंदाज हवा असेल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या वाह नावाच्या अधिकाऱ्याच्या ममीवर सुमारे ३७५ चौरस मीटर लिनन होतं.

लेखणीधर

खारवण यांनी शरीराचं सांगितलं, मी २ ते ५ घेतो. पाचव्यापासून, कारण बाकीची उत्तरं त्यावर उभी आहेत.

पुनर्जन्म हा शब्द तक्त्यावर नको. पृथ्वीवर दुसऱ्या योनीत जन्म घेणं ही त्यांची कल्पना नव्हतीच. 'आत्मा' हा शब्दही जपून वापरा, कारण माणसाचे अनेक घटक ते मानत. 'का' म्हणजे जीवनशक्ती. तिला मेल्यावरही अन्न लागतं. म्हणून थडग्यांवर "हजार भाकऱ्या, हजार बिअर, हजार बैल, हजार पक्षी" असा मजकूर कोरलेला असतो. नातलग येईनासे झाले तरी वाटसरूने तो मोठ्याने वाचला की 'का'ला ते मिळे. 'बा' हा माणसाच्या डोक्याचा पक्षी. तो दिवसा बाहेर हिंडतो आणि रात्री देहाकडे परततो. देह ओळखू आला नाही तर 'बा' परतणार कुठे? ममी करायची ती यासाठी. आपल्याकडे देह अग्नीला देऊन मोकळं करतात, तिथे देह हेच परतायचं घर होतं. ही दोन टोकं एका शब्दात बसवू नका.

आता हृदय. विचार, आठवण, नीती हे सगळं हृदयात, अशी त्यांची खात्री होती. मेंदूला तसं काही काम त्यांनी दिलेलं नव्हतं. परलोकातल्या न्यायसभेत साक्ष द्यायची ती हृदयाने, म्हणून ते जागेवरच हवं. प्रत्यक्षात मात्र सीटी स्कॅन केलेल्या अनेक ममींमध्ये हृदय सापडत नाही. खारवण यांनी लिहिलेला छेद आठवा: न बघता, फक्त हाताने चाचपत फुप्फुसं काढायची आणि मधलं हृदय सोडायचं. चुकून कापलं गेल्यावर ते परत शिवल्याचीही उदाहरणं आहेत.

चौथ्यातलं वाक्य बदलाच. तराजूत एकीकडे हृदय, दुसरीकडे मातचं पीस. मात म्हणजे सत्य आणि सुव्यवस्था. ब्रिटिश म्युझियममधला अनीचा पपायरस (सुमारे इ.स.पू. १२५०) पाहा, म्हणजे 'मृतांचा ग्रंथ' या मंत्रसंग्रहाची अनी नावाच्या माणसासाठी केलेली गुंडाळी. त्यात तराजूची दांडी आडवी, सरळ आहे. हृदयाने पिसाशी तोल साधायचा, हलकं भरायचं नाही. अनुबिस हा देव काटा तपासतो, थोथ हा देव नोंद करतो आणि बाजूला अम्मित ही राक्षसी बसलेली असते: तोंड मगरीचं, पुढचं धड सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. तोल चुकला की ती हृदय खाते आणि माणूस कायमचा नाहीसा होतो. यमपुरीतल्यासारख्या यातनांपेक्षा ही भीती वेगळी आहे. शिल्लकच काही राहत नाही.

मृत माणूस ४२ न्यायाधीशांपुढे एकेकाचं नाव घेऊन "मी चोरी केली नाही", "मी खोटं बोललो नाही" असं म्हणतो (त्याच ग्रंथातला मंत्र १२५). पण हृदयच उलटलं तर? त्यासाठी मंत्र ३० ब. तो हिरवट दगडाच्या, भुंग्याच्या आकाराच्या ताईतावर कोरून छातीवर ठेवत. त्यात हृदयालाच विनवणी असते: माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस. मला हा सगळ्या मंत्रांतला सर्वांत माणुसकीचा मंत्र वाटतो.

निकालानंतर माणूस 'मा-खेरू', म्हणजे खऱ्या वाणीचा ठरतो. आपण नावाआधी 'कै.' लावतो तसं ते नावाआधी 'ओसिरिस' (परलोकाच्या राजाचं, देवाचं नाव) आणि नावापुढे 'मा-खेरू' लिहीत. 'मृतांच्या ग्रंथा'च्या गुंडाळ्या तयार विकत मिळत. नावाची जागा कोरी असे आणि नंतर भरली जाई. काही गुंडाळ्यांत ती कोरीच राहून गेलेली दिसते.

बरण्या: यकृत इम्सेती (माणूस), फुप्फुसं हापी (बबून माकड), जठर दुआमुतेफ (कोल्हा), आतडी केबेहसेनुफ (ससाणा). वेगवेगळ्या डोक्यांची झाकणं नंतरची आहेत. राजा तुतनखामुनच्या अवयवपेटीतली चारही झाकणं माणसाच्या चेहऱ्याची आहेत. २१व्या राजघराण्याच्या काळात (इ.स.पू. अकरावं-दहावं शतक) अवयव वाळवून, गुंडाळून पुन्हा पोटातच ठेवू लागले.

वाळूघड्याळ

दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक: या कामात चूक झाली तर काय होई? 'बिघडलेली ममी' असा एक चौकोन ठेवायचा विचार आहे.

राळ

दोन उदाहरणं पुरतील.

पहिलं तुतनखामुनचं. १९२५च्या नोव्हेंबरात हॉवर्ड कार्टर आणि शरीरशास्त्रज्ञ डग्लस डेरी यांनी ममी उघडली तेव्हा लिनन जळल्यासारखं काळं, ठिसूळ झालेलं होतं. अंत्यविधीत राळ आणि तेल बादल्यांनी ओतावं तसं ओतलं होतं. त्याची रासायनिक क्रिया कापडावर आणि कातडीवर झाली, आणि घट्ट झाल्यावर ममी सोन्याच्या शवपेटीला चिकटून बसली. ती सोडवताना देहाचे तुकडे करावे लागले, मुखवटा तापवलेल्या सुऱ्यांनी सुटा केला. देह टिकतो तो वाळवण्याने. राळ ओल बाहेर ठेवते, सुगंध देते, जंतू रोखते, पण बेसुमार ओतली की तीच नुकसान करते.

दुसरं राणी हेनुत्तावीचं, २१वं राजघराणं. वाळलेला देह पिचलेला दिसू नये म्हणून त्या काळात कातडीला बारीक छेद देऊन आतून भरण घालत. तिच्या गालांत ते जास्त झालं आणि कातडी फाटली. उलट राजा दुसऱ्या रामसेसच्या (मृत्यू इ.स.पू. १२१३) नाकाचा बाक टिकावा म्हणून नाकपुड्यांत काळी मिरी भरली होती आणि तो बाक आजही दिसतो. ती मिरी मलबारकडून आलेली असणार. भारताशी जोडणारा एक चौकोन हवा असेल तर हा घ्या.

द्रव्यांबद्दलही एक दुरुस्ती. कैरोजवळच्या सक्कारा इथल्या ममी करण्याच्या कार्यशाळेत (इ.स.पू. ६६४–५२५) नावं लिहिलेली भांडी सापडली. त्यांच्या आतल्या अवशेषांचं पृथक्करण २०२३ साली प्रसिद्ध झालं. 'अंतियू' या शब्दाचा अर्थ आजवर हिराबोळ असा करत. त्या भांड्यांत निघालं देवदार, ज्युनिपर किंवा सायप्रस जातीच्या झाडांचं तेल आणि प्राण्यांची चरबी. शिवाय एरंडेल, मेण आणि आग्नेय आशियाच्या जंगलातली डामर राळ. तक्त्यावर "हिराबोळ चोळत" एवढंच लिहू नका.

खारवण

तक्त्यावर चित्र काढणार असाल तर हातांकडे लक्ष द्या. छातीवर फुलीसारखे हात ही नव्या साम्राज्याच्या काळात (साधारण इ.स.पू. १५५०–१०७०) राजांची ठेवण होती. पुढे टॉलेमी या ग्रीक राजवंशाच्या काळात ती सामान्यांच्या ममींतही दिसते. रामसेसच्या काळातला कारकून दाखवायचा असेल तर हात सरळ, शरीराला लागून काढा. प्रत्यक्ष ममी पाहायची तर बडोद्याच्या संग्रहालयात, हैदराबादच्या राज्य संग्रहालयात किंवा कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये पाहता येईल.