सहा लाखांत दोघींचा जगप्रवास: मार्ग कसा आखावा?

सांगलीची_वाट

नमस्कार मंडळी. मी आणि माझी मैत्रीण, दोघी सांगलीच्या, कॉलेजपासून एकत्र हिंडणाऱ्या. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, कोकणकड्यावर मुक्काम, स्लीपरच्या डब्यातून हिमाचल, हे सगळं करून झालंय. भारताबाहेर मात्र फक्त नेपाळ. येत्या मार्चअखेर दोघी नोकरी सोडतोय आणि नऊ महिने पाठीवर सॅक टाकून जग हिंडायचं म्हणतोय. प्रत्येकी सहा लाख साठलेत. विमान, व्हिसे, विमा, राहणं, खाणं, सगळं त्यातच बसवायचंय. घरून काही मागायचं नाही हे नक्की.

मला उझबेकिस्तानातलं समरकंद आणि बुखारा बघायचंय, तिकडे निवांत राहायचंय. तिला पेरूमधलं माचू पिचू. युरोप जमला तर हवाच. विमान कंपन्यांच्या गटांची 'राउंड द वर्ल्ड' तिकिटं मिळतात, त्यात पैसे वाचतात का? कुठून सुरुवात करावी? दोघी शाकाहारी, अंडं चालतं. खर्चाचं टीटीएमएम ठेवावं की पाकीट एकच? आणि आईचा प्रश्न: "तिकडे गेल्यावर तुमचं बिनसलं तर काय कराल?" त्याचंही उत्तर कुणाकडे असेल तर जरूर लिहा.

नेकारकाठचा

मी जर्मनीत राहतो, तेव्हा युरोपापुरतं सांगतो. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा लागतो, त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज राहत्या देशातूनच करायचा, म्हणजे तुम्हाला भारतातूनच, आणि प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी तो घेत नाहीत. त्यामुळे युरोप पहिल्या टप्प्यात ठेवा, नाहीतर मधूनच भारतात यावं लागेल. व्हिसाची फी ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा.

पूर्वी दिवस संपत आले की लोक रोमानिया-बल्गेरियात सरकायचे. स्वस्ताईही होती. १ जानेवारी २०२५ पासून हे दोन्ही देश पूर्णपणे शेंगेनमध्ये आले, तेव्हा तिथले दिवसही आता त्याच नव्वदात मोजले जातात.

इथे आलात तर 'डॉइचलंड टिकट' घ्या. २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झालं, २०२६ पासून ६३ युरो आहे. महिनाभर देशातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या, ट्राम आणि शहरातल्या बस त्यावर चालतात. वेगवान आयसीई चालत नाही. ती वर्गणी असते, म्हणून त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात.

डोंबिवलीची_भटकी

आधी आकडे मांडते, कारण बाकीचं सगळं त्यावरच ठरणार आहे. मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण २०२३ मध्ये निघालो होतो: कझाकस्तान, उझबेकिस्तान, जॉर्जिया, युरोप, मेक्सिको, कोलंबिया, पेरू आणि घर. तुमच्या मनातला मार्ग जवळपास हाच दिसतोय. एवढ्या लांब उड्या मारायच्या तर विमानं, व्हिसे आणि विमा मिळून माणशी अडीच ते पावणेतीन लाख धरा. उरले सव्वातीन. नऊ महिन्यांचे २७० दिवस म्हटले तर रोजचे बाराशे रुपये. उझबेकिस्तानात बाराशेत हात आखडून का होईना, नीट राहता येतं. पश्चिम युरोपात त्यात बंकबेडही मिळायची मारामार. म्हणून स्पष्टच सांगते: सहा लाखांत नऊ महिने हवे असतील तर अटलांटिक ओलांडू नका. पेरू हवंच असेल तर महिने कमी करा. दोन्ही रेटून बसवलंत तर शेवटचे दोन महिने पाव-केळ्यांवर काढाल, आणि इतक्या लांब जाऊन मन सगळं पैशांतच अडकलेलं राहील.

'राउंड द वर्ल्ड' तिकिटात सहसा एकाच दिशेने जावं लागतं, अटलांटिक आणि पॅसिफिक दोन्ही ओलांडावे लागतात आणि वर्षाच्या आत प्रवास संपवावा लागतो. तुम्हाला सीमा बस-रेल्वेने ओलांडायच्यात, तेव्हा ते तिकीट तुमच्यासाठी नाही. एकेरी तिकिटं काढा. फक्त चेक-इनच्या काउंटरवर "पुढचं तिकीट दाखवा" म्हणतात, तेव्हा त्या देशातून बाहेर पडायचं काहीतरी हातात ठेवा, साधं बसचं तिकीटसुद्धा.

नकाशा उघडायच्या आधी व्हिसांची यादी करा. आम्हा दोघींकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आधीपासून होता. त्याच्या जोरावर जॉर्जिया, मेक्सिको, कोलंबिया आणि पेरू हे चारही देश वेगळा व्हिसा न काढता झाले. पेरूमध्ये अमेरिकेच्या जागी शेंगेनही चालतो, पण व्हिसा निदान सहा महिने शिल्लक असावा लागतो, तेव्हा तीन महिन्यांच्या शेंगेनच्या भरवशावर तिकडे जायला निघू नका. कझाकस्तान भारतीयांना १४ दिवस व्हिसाशिवाय देतं. उझबेकिस्तानचा ई-व्हिसा २० डॉलरला ३० दिवसांचा मिळतो. अल्माटीहून ताश्कंदला रेल्वेने किंवा बसने उतरता येतं. नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या दिवशी प्रत्येक दूतावासाचं पान पुन्हा बघा.

तुम्ही मार्चअखेर निघताय हे फार चांगलं. एप्रिल-मे म्हणजे समरकंद-बुखाऱ्याचा सर्वात सुखाचा काळ. जूनअखेर तिथे जो उन्हाळा पेटतो, तो आपल्या विदर्भालाच सोसवेल. दोघी असण्याचा खरा फायदा मला बुखाऱ्यात कळला. जुन्या वाड्यातली दोघींची खोली दोन डॉर्मच्या खाटांपेक्षा स्वस्त, वर न्याहारी. अंगणात तुतीचं झाड, खाली लाकडी बाजेवर गोल नान, उकडलेली अंडी, जर्दाळूचा मुरांबा आणि हिरव्या चहाची किटली. घरची आजी आम्ही उठायच्या आत नान पुन्हा पुढे सरकवायची. एवढं पोटभर खाल्लं की दुपारी बाजारातलं एखादं फळ पुरायचं. निघताना राहिल्याच्या नोंदीची चिठ्ठी मागून घ्या आणि घरी येईपर्यंत जपा.

खाण्याचं अवघड काही नाही, पण विचारायची लाज नको. उझबेकी पुलावात मांस असतंच. लाल भोपळ्याचे सोमसे तंदूरमधून गरम निघतात, ते शोधा. समरकंदला बीबी खानम मशिदीच्या शेजारीच सियोब बाजार आहे, सुकामेवा तिथे घ्या. जॉर्जियात लोबियानी, म्हणजे राजमा भरलेली रोटी, आमचं रोजचं जेवण तेच. मेक्सिकोत घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी घालतात, म्हणून "सिन मांतेका" म्हणायला शिका. सॅकमध्ये मूगडाळ, जाडे पोहे आणि मेतकूट असू द्या. युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा तूप घरीच ठेवा.

आता पाकीट. रोजचं टीटीएमएम करू नका, त्याने माणूस हळूहळू कडवट होतो. पाच सोमसे खाल्ले, तीन तिचे, दोन माझे, हे कुठवर मोजणार? आमच्याकडे खणाचा एक बटवा होता. दर सोमवारी दोघींनी त्यात सारखे पैसे टाकायचे. खोली, बस, भाजी, पाणी त्यातून. कॉफी, संग्रहालयाचं तिकीट, कानातलं ज्याचं त्याने. आणि एक गोष्ट निघायच्या आधीच बोलून घ्या: जिचा खिसा लहान, तिच्या बेताने दोघींनी राहायचं. मोठ्या खिशावालीने "असू दे, मी भरते" म्हणत सुटायचं नाही. दोन-चारदा ते गोड वाटतं, महिनाभराने समोरची आपलं मत सांगेनाशी होते. हे मी डोळ्यांनी बघितलंय. वाटेत भेटलेल्या एका जोडीची मैत्री त्यातच गेली.

एटीएम किंवा कार्डयंत्र "रुपयांत रूपांतर करू का?" विचारतं, तिथे नाही म्हणायचं आणि स्थानिक चलनच निवडायचं. रुपये निवडलेत की दर त्यांचा. दोघींची जादा कार्डं एकमेकींच्या सॅकमध्ये ठेवा. भारतातलं सिम रोमिंगसह चालू ठेवा, बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. पासपोर्ट नवा काढणार असाल तर ६० पानी घ्या.

पेरूला गेलातच तर कुस्को शहरातून माचू पिचूच्या पायथ्याच्या गावाची, आग्वास काल्येंतेसची रेल्वे महाग आहे. व्हॅनने सहा-सात तासांत हिद्रोइलेक्ट्रिका गाठायचं आणि तिथून रुळांच्या कडेकडेने दहा-अकरा किलोमीटर चालायचं. एका बाजूला उरुबांबा नदी, दुसऱ्या बाजूला केळीची पानं आणि सरळ उभे कडे. शिट्टी ऐकू आली की खडीवरून बाजूला व्हायचं, गाडीतले लोक हात हलवतात. नळीची वाट चढलेल्यांना हे चालणं म्हणजे फेरफटका. दुसऱ्या दिवशी पहाटे बस सोडून पायऱ्यांनी वर जा. त्याआधी कुस्कोत तीन-चार दिवस थांबायचंच, ते ३,४०० मीटरवर आहे, माचू पिचू २,४३० वर. जानेवारी-फेब्रुवारीच्या पावसात दरडी कोसळतात, तेव्हा हा रस्ता नको.

पवनारकाठ

वय झालं, प्रवास आता वाचण्यापुरता. पण दोन मित्र आणि कमी पैसे म्हटल्यावर राहवलं नाही. १९६२ साली सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांविरुद्ध पायी निघाले: दिल्ली, मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन. निघण्याआधी विनोबांचा आशीर्वाद घेतला. विनोबांनी सांगितलं, जवळ पैसा ठेवू नका आणि शाकाहार सोडू नका. समुद्र तेवढे बोटीने ओलांडले, बाकी सुमारे तेरा हजार किलोमीटर पायांनी. वाटेत काळ्या समुद्राच्या बाजूला चहाच्या कारखान्यातल्या बायकांनी चहाची चार पाकिटं दिली, चार अण्वस्त्रधारी देशांच्या प्रमुखांसाठी: अण्वस्त्रांचं बटण दाबावंसं वाटलं तर आधी हा चहा प्या, असा निरोप. ती पाकिटं या दोघांनी नेऊन पोचवली.

मुलींनो, तुम्ही पैसे घेऊनच जा, तेही पुरेसे. माझं मागणं एवढंच की सगळ्या रात्री हॉस्टेलात काढू नका. कुटुंबात राहायला मिळेल तिथे राहा, स्वयंपाकाला हात लावा. पैसा पूर्ण संपल्यावर कुणाच्या दारात उभं राहणं वेगळं आणि बरोबरीने पाहुणं होणं वेगळं.

सांगलीची_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री मैत्रिणीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, पेरूसाठी युरोप सोडायला मी एका पायावर तयार आहे. मलाही पटलं. मग महिने किती करावेत? माझ्याकडे कंपनीने काढलेला अमेरिकेचा व्हिसा आहे, अजून बरीच वर्षं चालेल, तिच्याकडे मात्र नाही. आणि काकू, आईच्या प्रश्नाचं राहिलं.

डोंबिवलीची_भटकी

युरोप सोडलात, म्हणजे मोठं ओझं उतरलं. सहा महिने करा, त्याच्या आत. आपल्याकडचा प्रवास-विमा साधारण १८० दिवसांपर्यंतच एका सहलीला मिळतो, त्यातही बसेल. एप्रिल-मे कझाकस्तान आणि उझबेकिस्तान, जून जॉर्जिया, तिथून इस्तंबूलमार्गे बोगोटा. जुलै कोलंबिया, ऑगस्टपासून पेरू. तिथला तो कोरडा हंगाम आहे. माचू पिचूची तिकिटं मात्र त्या दिवसांत लवकर संपतात, निघण्याआधीच काढा.

तिच्या व्हिसाचं उद्याच बघा. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायला महिने लागू शकतात. नाहीच जमलं तर जॉर्जियाचा ई-व्हिसा, कोलंबियाचा ऑनलाइन अर्ज आणि पेरूचा दिल्लीच्या दूतावासातून, असं वेगवेगळं करावं लागेल. तिचं सगळं हातात येईपर्यंत तुझंही तिकीट काढू नकोस. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, निघण्याआधी दहा दिवस तरी. पेरू-कोलंबियाहून त्या लसीच्या दाखल्याचं पिवळं कार्ड नसताना आलात तर मायदेशी उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. एकदा घेतली की जन्मभर चालते.

आईंना हे सांग. परतीच्या तिकिटाचे पैसे प्रत्येकीच्या नावावर वेगळ्या खात्यात असतील आणि बटवा कितीही रिकामा झाला तरी त्याला हात लागणार नाही. कुणालाही घरी यावंसं वाटलं तर तिने आठवडाभर आधी सांगायचं, कारण विचारायचं नाही, आणि दुसरीने तिला विमानतळापर्यंत सोडायचं. शिवाय आठवड्यातला एक दिवस दोघींनी वेगवेगळं हिंडायचं, संध्याकाळी किती वाजता आणि कुठे भेटायचं ते ठरवून. हे तिघींनी, म्हणजे तुम्ही दोघी आणि आई, एकत्र बसून बोला. तिच्या आईलाही बोलवा.