किलपेकचं चर्च बघाच
इंग्लंडमधल्या खेड्यांतली जुनी चर्चं साधीच असतात, शिल्पकाम बघायचं तर कॅथेड्रल (बिशपचं मोठं चर्च) गाठावं, असं काहीजण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. हेरफर्डशर या इंग्लंडमधल्या परगण्यातल्या किलपेक गावचं चर्च ११४० च्या सुमाराचं, तांबड्या वालुकाश्मातलं. आकाराने अगदी लहान: सभागृह, वेदीचा भाग, शेवटी अर्धगोल टोक. पण छपराखाली बाहेरून ओळीने कोरलेले दगडी तोडे (भिंतीतून पुढे आलेले आधाराचे दगड) आहेत, त्यातले ८५ आजही शिल्लक! एकावर कुत्रा आणि ससा गळ्यात गळे घालून बसल्यासारखे, किती लोभस! दक्षिणेकडच्या दारावर वेलींत गुंतलेले सडपातळ योद्धे, वर जीवनवृक्ष. हे सगळं कॅथलिक काळातलं. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत इंग्लंडचं चर्च पोपपासून वेगळं होऊन अँग्लिकन झालं, ठिकठिकाणी मूर्ती फोडल्या गेल्या, तरी हे कोरीवकाम टिकलं.